जरा कळ काढ

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

डायरी लिहायची सवय कधीच सुटली होती. पण राग आला की तो कुठेतरी ठेवावा लागतो, आणि या घरात माझा राग ऐकून घेणारं माणूस एकच आहे. येत्या मंगळवारी तिच्याच गुडघ्याचं ऑपरेशन असल्यामुळे तिला काही ऐकवायचं नाही, अशी दीप्तीची ताकीद आहे. लेक मास्तरीण झाली की बापाला विद्यार्थी समजते.

शरयूचा उजवा गुडघा पार गेला आहे. या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे मुलांची नाटकं बसवायला ती वर्षानुवर्षं जायची. यंदा गणपतीत जिना चढवेना, म्हणून खाली अंगणात खुर्ची टाकून बसली आणि वरून येणारे मुलांचे आवाज ऐकत राहिली. कोणी चुकलं की खालूनच वाक्य ओरडून सांगायची. घरी येऊन म्हणाली, "गुडघा बदलून टाकू, अहो." मी लगेच हो म्हटलं. तिला तसं खुर्चीत बसलेलं मला बघवलं नव्हतं.

आज भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. मेघना नाव, वय दीप्तीएवढंच असेल. हॉस्पिटलात सगळे त्यांना 'बेहोशीवाली मॅडम' म्हणतात. कमरेत सुई देऊन खालचं अंग सुन्न करणार, मग एक बारीक नळी तिथेच ठेवणार आणि ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस त्या नळीतून दुखणं थांबवायचं औषध थेंबथेंब सोडणार, असं त्यांनी सांगितलं. इथवर ठीक होतं. मग म्हणतात, "उसमें थोड़ा फेंटानिल रहेगा, अंकलजी।"

हे नाव मी वाचलेलं आहे. अमेरिकेत यानेच माणसं पटापट मरतात. मी म्हटलं, "मैडम, ये तो अफीम हुआ!"

"अफीम के खानदान का है," त्या हसून म्हणाल्या. "पर हम नाप के देते हैं, नज़र रखते हैं, और दो-तीन दिन में बंद।"

मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या घराण्यात बंटी आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांपासून सुरू झाला आणि सुयांवर गेला. भाऊ आता घरातली पितळी भांडीसुद्धा कुलपात ठेवतो. तेही औषधच होतं, दुकानात मिळणारं. मी हे सगळं त्या बाईंना सांगितलं आणि बजावलं, नळी नाही, नशा नाही.

त्या शरयूकडे वळल्या. "आंटी, आप बताइए। आप क्या चाहती हैं?"

"वो भी यही चाहती हैं," मी म्हटलं. शरयू मांडीवरच्या रुमालाची घडी करत होती.

शेवटी तडजोड झाली. ऑपरेशन चालू असताना काय द्यायचं ते डॉक्टरीणबाई ठरवणार, तिथे माझं चालणार नाही म्हणाल्या. बाहेर आल्यावर मात्र माझं चालणार. बिन-नशेची औषधं तेवढी चालू राहतील, आणि नशेचं एक इंजेक्शन त्या 'ज़रूरत पड़े तो' म्हणून लिहून ठेवणार. लिहा बापडे, द्यायचं की नाही ते मी बघेन. डिफेन्सच्या फॅक्टरीत सगळी नोकरी तपासणी विभागात काढली आहे. पसंत नाही तो माल नापास करायला मला कोणाची परवानगी लागत नाही.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऑपरेशन छान झालं. शरयू बाहेर आली तीच चहा मागत. "काहीच दुखत नाही हो," म्हणाली आणि स्वतःचा पाय दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिली. मी दीप्तीला म्हटलं, बघ, नळीबिळी काही लागली का?

"बाबा, अजून सुन्न आहे तो पाय," दीप्ती म्हणाली.

हिला दुसऱ्याचं बरोबर ठरलेलं बघवतच नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज हॉस्पिटलात असा भडकलो की खालच्या मजल्यावरून वॉचमन वर आला.

दीप्तीच्या कॉलेजात परीक्षा चालू आहेत, बायकांच्या वॉर्डात मला रात्री राहू देत नाहीत, म्हणून शरयूजवळ आया ठेवली होती. सकाळी मी पोहे घेऊन गेलो तर शरयूचा चेहरा कागदासारखा पांढरा. ओठ चावून चावून सुजलेले. चादरीची कड मुठीत धरून पडलेली. मी सिस्टरला हाक मारली. केरळची नव्हे, इथलीच, सिहोऱ्याकडची पोरगी.

ती म्हणते, "अंकलजी, अम्माजी रात भर कल-कल करती रहीं। हमने बहुत समझाया कि अम्मा, छुट्टी कल नहीं होगी, अगले हफ़्ते होगी। मानती ही नहीं। कल, कल, बस एक ही रट।"

क्षणभर मला समजेना. मग डोक्यात प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शरयू 'कळ' म्हणत होती. कळ येते, कळ येते! मराठी माणसाच्या जिवाच्या आकांताने आलेला शब्द, आणि ही बया तिला घरी जायची घाई झाली म्हणून समजावत बसली.

"कल नहीं, कळ!" मी ओरडलो. "ळ! जीभ पीछे मोड़ो! कळ मतलब दर्द। ऐसा-वैसा दर्द नहीं, जो उठता है तो जान निकाल देता है, वो दर्द!"

पोरगी घाबरून "कड़, कड़" करायला लागली. मी तिच्याकडून तीनचारदा म्हणवून घेतलं. 'कळ' काही तिच्या तोंडी बसेना. मग थेट मॅनेजरच्या खोलीत गेलो. म्हटलं, या शहरात मराठी माणसं भोसल्यांच्या काळापासून राहतात. तुमच्या वॉर्डात पाच नर्सा आणि एकीलाही मराठीतला एक शब्द येऊ नये? माझी बायको रात्रभर तळमळली, केवळ एका अक्षरापायी! मॅनेजर "सॉरी सर, सॉरी सर" करत राहिला. त्याच्या सॉरीला काय चाटायचंय?

परत वॉर्डात आलो तर ती सिस्टर ट्रे घेऊन उभी. "अंकलजी, तो इंजेक्शन लगा दूँ अब? मैडम लिख के गई हैं। आपने मना किया था तो हमने रोक के रखा है।"

"कौनसा?"

"वही, नशेवाला।"

मी म्हटलं, बिलकुल नाही. मूळ मुद्दा शब्दाचा आहे, त्यावरून नशा गळ्यात मारायचा डाव नको. साधं औषध द्या.

"साधा तो चालू ही है, अंकलजी," ती म्हणाली आणि गेली.

शरयूच्या कपाळावर हात ठेवला. घामाने थंड होतं. तिला म्हटलं, "शरयू, आता सगळ्यांना नीट समजावून सांगितलंय. जरा कळ काढ." ती माझ्याकडे बघतच राहिली. बिचारीला बोलायचंही त्राण नव्हतं. पोहे मीच खाल्ले.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डॉक्टर मेघना सकाळीच आल्या. कालचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. मला वाटलं माफी मागतील. उलट मलाच व्याख्यान. दुखणं तसंच राहू दिलं तर पेशंट पाय हलवत नाही, पाय हलवला नाही तर नवा गुडघा आतल्या आत जखडतो, मग ऑपरेशन करून उपयोग काय. मी म्हटलं, व्यायामाला जिद्द लागते, अफू नाही. आमच्या फॅक्टरीत लोकांची बोटं कापली जायची आणि ते स्वतः चालत दवाखान्यात जायचे.

"आंटी से पूछ लेती हूँ," म्हणत त्या शरयूकडे गेल्या.

"हे म्हणतील तसंच," शरयू भिंतीकडे बघून म्हणाली.

याला म्हणतात संसार. मला अभिमान वाटला.


बुधवार, १९ नोव्हेंबर

घरी आलो. सोबत गोळ्यांची पट्टी दिली आहे, 'व्यायामाच्या आधी घ्यावी' अशी. फोनवर बघितलं तर तीही त्याच खानदानातली, फक्त लांबची नातेवाईक. साप लहान असला म्हणून काय गळ्यात घालायचा? पट्टी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. शरयूला हळदीचं दूध आणि गरम पाण्याची पिशवी चालू केली आहे.

उद्यापासून अनिमेष येणार, व्यायाम करवून घ्यायला. बंगाली आहे, बोलायला फार गोड.


रविवार, ३० नोव्हेंबर

हा अनिमेष बोलायला गोड आणि हाताने कसाई आहे.

रोज येतो, शरयूला पलंगाच्या कडेला बसवतो आणि "बस मौसीजी, थोड़ा और, थोड़ा और" करत पाय मागे रेटतो. आज ती अशी किंचाळली की शेजारचे विष्णुपंत काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं माकडं शिरली. मी अनिमेषचा हात धरून बाजूला केला. म्हटलं, "बस! जानवर समझ रखा है क्या? आज नहीं करना।"

"अंकलजी, आप रोज़ यही कहते हैं। ऐसे तो घुटना मुड़ेगा नहीं। आंटी को गोली दे के रखा कीजिए न मेरे आने के पहले।"

म्हणजे पुन्हा तेच! सगळ्यांची मिलीभगत आहे. त्याला सांगून टाकलं, आता परवा ये.

तो गेल्यावर शरयू हळूच म्हणाली, "त्याला येऊ द्या हो. त्याचं काही चुकत नाही. फक्त त्याच्याआधी ती गोळी द्या मला. अर्धी द्या."

मी तिच्याजवळ बसलो, समजावलं. आज अर्धी, उद्या एक, परवा तूच कपाट फोडशील. तुझ्या भल्याकरताच मी वाईटपणा घेतो आहे. तिला ओरडताना ऐकलं की मला तिथे उभं राहवत नाही, हे तिला कोण सांगणार? म्हणून तर मी त्या पोराला थांबवतो.

संध्याकाळी दीप्ती आली आणि किल्लीवरून भांडली. "गोळी काहून नाही देऊन राहिले तुम्ही आईला?"

"बंटीला विसरलीस का?"

"बंटीला काही दुखत नव्हतं, बाबा. आईचं हाड कापलंय!"

हे इंग्रजी माध्यमात शिकवल्याचे परिणाम. वडिलांशी बोलायची रीत नाही. किल्ली मी जानव्याला बांधली आहे.


सोमवार, २२ डिसेंबर

फसवणूक! दिवसाढवळ्या फसवणूक!

हाडांचे डॉक्टर आलोक यांनी आज शरयूचा पाय तपासला. एक्स-रे बघितला, म्हणाले सांधा उत्तम बसलाय. मग पाय वाकवून बघितला. वाकेचना. खुर्चीवर बसली तर पाय समोर काठीसारखा उभा राहतो. त्यांनी तोंड पाडलं आणि म्हणाले, आतमध्ये जखडला आहे, आता बेहोश करून एकदा जोर लावून मोकळा करावा लागेल, आणि लगेच करावा लागेल. उशीर झाला तर कायमचा असाच राहील.

म्हणजे पुन्हा बेहोशी, पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तीच मॅडम! मी विचारलं, "पहले ही ठीक से क्यों नहीं किया?" ते म्हणाले, "हमने तो ठीक ही किया था, अंकल।" कसं बेशरमासारखं सांगतात! चोर तो चोर, वर शिरजोर.

शरयूने फक्त एवढंच विचारलं, "जीना हो पाएगा?" मला वाटतं डॉक्टरला आधी समजलं नाही, ती जगण्याबद्दल विचारते की पायऱ्यांबद्दल. ते म्हणाले, "अभी जैसा है, वैसे में नहीं।"

घरी येईपर्यंत रिक्षात मी बोलत होतो. ती बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने मेथी निवडायला घेतली आणि माझं चालूच होतं. म्हटलं, सगळ्याचं मूळ त्या सिहोऱ्याच्या सिस्टरपाशी आहे. तिथूनच दुखणं अंगात मुरलं. त्या पोरीला 'कळ' हा एक शब्द समजला असता तर आज ही वेळ आली नसती.

शरयू मेथी निवडता निवडता म्हणाली, "तिला नव्हता समजला. तुम्हाला तर समजला होता न."

हे काय बोलणं झालं? मला समजला म्हणून तर मी त्या पोरीला समजावला. सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला तो कोणासाठी? मॅनेजरकडे कोण गेलं? मी तिला तसं विचारलंदेखील. तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि पाय ओढत आत गेली.

दुपारी झोप आली नाही. वाक्य साधं आहे, पण त्याचा अर्थ काय लावायचा? दीप्तीला फोन करून विचारावं असं वाटलं, पण तिला कशाला विचारायचं.


सोमवार, २९ डिसेंबर

बाकावर बसून लिहितो आहे. आत डॉक्टर मेघना आणि शरयू आहेत आणि मी बाहेर आहे.

आम्ही दोघेही आत गेलो होतो. मॅडमनी तेच पुराण सुरू केलं. उद्या पाय मोकळा करताना दुखणार नाही, पण नंतर दोन-तीन दिवस अनिमेष दिवसातून अनेकदा वाकवेल, तेव्हा कमरेतली नळी पाहिजेच, त्यात तेच औषध. "आंटी, आप बताइए," असं म्हणून त्या थांबल्या. मी तोंड उघडलं.

"अहो," शरयू म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. लग्न झाल्यापासून ती मला एवढंही कधी म्हणाली नव्हती, की तुमच्या चहात साखर जास्त झाली. मी उठलो नाही. तेव्हा तिने पाय समोर ताठ असतानाच खुर्चीसकट माझ्याकडे वळायचा प्रयत्न केला, आणि तिला वळता येईना. "बाहेर बसा," ती पुन्हा म्हणाली. "गुडघा माझा आहे."

बाहेर आलो. एवढा अपमान फॅक्टरीत वरच्या साहेबानेही केला नव्हता. शेजारी बसलेला एक माणूस माझ्याकडे सहानुभूतीने बघतो आहे, त्याला वाटलं असेल आत काही वाईट बातमी मिळाली. आतून बोलण्याचा आवाज येतो, शब्द ऐकू येत नाहीत. शरयूच बोलते आहे. इतका वेळ काय बोलत असेल ती? मला वाटलं होतं तिला तिथे बोलता येणार नाही.

बाहेर येऊन तिने हात पुढे केला. मला वाटलं आधार पाहिजे. "किल्ली," ती म्हणाली.

जानवं ओढून गाठ सोडताना त्या सगळ्या लोकांपुढे मला जी लाज वाटली ती मी कधी विसरणार नाही.


बुधवार, ३१ डिसेंबर

काल पाय मोकळा केला. नळी लावली आहे. उशाशी एक छोटं यंत्र आहे, त्यातून औषध जातं. मी काल त्या यंत्राकडे पाठ करून बसलो होतो. अंगाला खाज सुटली, मळमळलं एवढी तिची तक्रार होती, मॅडमनी त्यावर दुसरं काहीतरी दिलं. झोपली तेव्हा मी तिचा श्वास बघत बसलो. चालू होता. सिस्टरही सारखी येऊन बघत होती.

आज सकाळी अनिमेष आला. दीप्ती आत थांबली. मी सरळ बाहेर आलो, कॉरिडॉरच्या टोकाला गेलो आणि किंकाळीची वाट बघत उभा राहिलो. आली नाही. कान देऊन ऐकलं. काहीच नाही. मला वाटलं, त्या नळीने बाई बेशुद्ध पडली, नाहीतर पोराने कामच सोडलं. धावत खोलीत गेलो.

"थांबवलं काहून?" मी ओरडलो.

"थांबवलं कुठे, बाबा," दीप्ती म्हणाली. "बघा न."

शरयू पलंगाच्या कडेला बसली होती. पाय खाली होता. खाली म्हणजे सरळ खाली, माणसाचा पाय खुर्चीवरून जसा खाली लोंबतो तसा. अनिमेष जमिनीवर बसून टाच हातात धरून तो आणखी मागे नेत होता आणि शरयू त्याला विचारत होती, तुझी आई सरसों की मछलीमध्ये दही घालते का. मासे बघितले तरी नाक धरणारी माझी बायको! कपाळावर थोडा घाम होता. एकदा डोळे मिटले, "हं, थोड़ा धीरे," म्हणाली आणि पुन्हा बोलायला लागली. डॉक्टर मेघना यंत्राशी उभ्या होत्या.

माझ्या डोक्यात सगळं एकदम उसळलं. दीड महिना. तिच्या त्या किंकाळ्या, चादरीत वळलेल्या मुठी, काठीसारखा पुढे आलेला पाय. आणि हे असं? मासे आणि गप्पा?

मी डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. "इतना ही था?" मी ओरडलो. "इतना ही था, तो उस बार क्यों नहीं किया? बोलिए! उस बार मेरी बीवी को क्यों तड़पने दिया?"

डॉक्टर मेघना माझ्याकडे बघत राहिल्या. अनिमेषने हातातली टाच हळूच खाली ठेवली आणि तोही बघायला लागला. दीप्तीने तोंडावर हात धरला होता, डोळे भरलेले. ट्रे घेऊन आलेली सिस्टर दारातच थांबली. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे, उत्तराची वाट बघत. एवढा साधा प्रश्न, आणि खोलीत कोणालाही उत्तर देता येईना.

मग शरयूने पलंगावर स्वतःशेजारची जागा हाताने साफ केली.

"बसा," ती म्हणाली. "उभे काहून?"

मी बसलो.